घोडागाडीच्या चालीनं

परदेश सहलींच्या जाहिराती रविवारी सकाळी चहाबरोबर आपण सगळेच वाचतो. बारा दिवसांत आठ देश. नाश्ता एका राजधानीत, रात्रीचं जेवण दुसरीत. त्या सहलींना मी नावं ठेवणार नाही. ज्यांना आयुष्यात एकदाच जायला मिळतं, त्यांनी मोजलेल्या पैशांत होईल तेवढं बघून घ्यावं, यात गैर काही नाही. पण आज मी ज्या सहलीबद्दल तुमच्याशी बोलणार आहे, तिचा सगळा हिशेबच उलटा होता. दहा रात्री, एकच देश, आणि त्या देशातलाही एक चिंचोळा पट्टा. मुक्काम तीनच, आणि तिन्ही जुन्या सरायांमध्ये. आज त्यांना हॉटेल म्हणतात; पण त्यांतलं सगळ्यात नवं म्हणावं, तेही चारशे वर्षांपलीकडचं.

साल २०२३, जून महिना. पुणे, सोलापूर, नाशिक इथले मिळून आम्ही चौदा जण होतो. बहुतेक निवृत्त. दोघींचे गुडघे बदललेले, एका काकांना दर दोन तासांनी थांबावं लागायचं. मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे बसमध्ये माइक हातात आला की तो माझ्याकडेच राहायचा. नियम दोनच ठरले होते. दिवसाला एक गाव, फार तर दोन. आणि दुपारी चारला चहा म्हणजे चहा. मग समोर राजवाडा असला तरी बसायचं. जूनमध्ये तिकडे रात्री नऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे चहाला बसल्यानं काही बुडत नाही.

लंडनमध्ये आम्ही एकच दुपार काढली, आणि तीही एका अंगणात. थेम्सच्या दक्षिणेला साउथवर्क भागात ‘जॉर्ज इन’ नावाची सराय आहे. १६७६ च्या आगीत तिथली जुनी इमारत गेली आणि पुढच्याच वर्षी ही उभी राहिली. रस्त्याला कमान, कमानीतून गाडी आत आली की चौक, चौकाभोवती लाकडी सज्जे, सज्ज्यांवर खोल्या. खाली घोडे, वर माणसं. आपल्याकडच्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की वाड्याचा चौक घरच्या माणसांसाठी असतो आणि हा परक्यांसाठी. पूर्वी लंडनमध्ये अशा सज्जेवाल्या सराया कितीतरी होत्या. आज ही एकटीच उरली आहे, तीही एकाच बाजूची. उरलेल्या बाजू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे कंपनीनं पाडल्या. पुढे उरलेला भाग ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेकडे आला आणि वाचला.

रेल्वेनं पाडल्या, हे वाक्य लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या गोष्टीचं मर्म त्यात आहे.

तिथून आम्ही उत्तरेला निघालो. लंडनपासून नव्वदेक मैलांवर स्टॅमफर्ड नावाचं गाव आहे. लंडनहून यॉर्ककडे आणि पुढे एडिनबरोकडे जाणारा जुना राजरस्ता याच गावातून जायचा. आमचा पहिला मुक्काम तिथल्या ‘जॉर्ज’मध्ये होता. हा जॉर्ज वेगळा. इंग्लंडमध्ये सरायांची नावं आपल्याकडच्या ‘अन्नपूर्णा’ किंवा ‘विश्रांती’सारखी गावोगाव तीच तीच असतात. या सरायीची पाटी रस्त्याच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवी टांगलेली आहे, वेशीच्या कमानीसारखी. ती फासाच्या खांबासारखी दिसते. सज्जन प्रवाशाला ‘या’ आणि वाटमाऱ्याला ‘सांभाळ’, असे दोन निरोप ती एकदम देते, असं तिथले लोक सांगतात. आत गेलं की समोरासमोर दोन दालनं आहेत. एकावर ‘लंडन’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘यॉर्क’. दक्षिणेला जाणाऱ्यांनी एकीकडे बसायचं, उत्तरेला जाणाऱ्यांनी दुसरीकडे. एसटी स्टँडच्या फलाटांची ही आजीच म्हणायची. भरभराटीच्या काळात इथून दिवसाला चाळीस घोडागाड्या सुटत, वीस इकडे, वीस तिकडे.

या गाड्यांचा जमाना आपल्याला वाटतो तेवढा मोठा नव्हता. टपाल घेऊन जाणारी पहिली वेगवान घोडागाडी १७८४ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टलहून लंडनला धावली. पुढच्या पन्नास वर्षांत रस्ते सुधारले, दर दहा-पंधरा मैलांवर घोडे बदलायची सोय झाली, आणि लंडनहून एडिनबरो दोन दिवसांच्या आत गाठता येऊ लागलं. घोडे बदलेपर्यंतच्या काही मिनिटांत गरम सूप घशाखाली ढकलून माणसं परत गाडीत चढायची. म्हणजे ज्या जागी आम्ही आरामात पाय पसरून बसलो होतो, ती मुळात धावपळीची जागा. आणि मग १८३० नंतर रेल्वे आली. दहा-पंधरा वर्षांत राजरस्ते ओस पडले.

स्टॅमफर्डचं नशीब असं, की उत्तरेकडे जाणारा मुख्य लोहमार्ग या गावाऐवजी शेजारच्या पीटरबरोवरून गेला. पीटरबरो वाढलं, कारखाने आले, जुनी घरं गेली. स्टॅमफर्ड होतं तिथेच थबकलं. नवीन बांधायला पैसा नव्हता, म्हणून जुनं पाडायला कारण नव्हतं. शंभर वर्षांनी लोकांच्या लक्षात आलं, की अरे, हे गाव तर अख्खंच्या अख्खं शिल्लक आहे! १९६७ मध्ये जुन्या वस्त्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, तेव्हा त्याखाली इंग्लंडमधलं पहिलं संरक्षित क्षेत्र म्हणून स्टॅमफर्ड जाहीर झालं. सकाळी फिरायला बाहेर पडल्यावर आमच्यातल्या एका मावशी म्हणाल्या, “काय जपलंय हो यांनी!” मला म्हणावंसं वाटलं, मावशी, यांनी नाही जपलं. आधी यांना कुणी विचारलं नाही. जपणं नंतर आलं.

अशा जुन्या हॉटेलांत शिरल्यावर आपल्याकडच्या माणसाची नजर आधी जिन्याकडे जाते. लिफ्ट बहुधा नसते, जमिनी उतरत्या, दारं ठेंगणी. रात्री वरच्या खोलीत कुणी कूस बदलली तरी खाली फळी बोलते. माझी नजर मात्र स्वागताच्या टेबलाजवळ लावलेल्या एका छोट्या चौकटीकडे गेली. अशी चौकट तिकडच्या बऱ्याच हॉटेलांत दिसते. १९५६ च्या हॉटेलमालक कायद्यानुसार पाहुण्याची वस्तू हरवली तर मालकाची जबाबदारी किती, ते तिच्यात लिहिलेलं असतं: एका वस्तूला पन्नास पौंड, सगळ्या मिळून शंभर पौंड. रक्कम वाचून गंमत वाटते, पण त्यामागचा दंडक फार जुना आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यानुसार सराय चालवणाऱ्याला गिऱ्हाईक निवडायचा अधिकार नाही. जागा शिल्लक असेल, आणि येणारा पैसे द्यायला तयार व नीट शुद्धीवर असेल, तर त्याला आत घ्यावंच लागतं. रात्रीच्या वेळी परक्या मुलखात दार बंद झालं तर माणूस जाणार कुठे, हा त्यामागचा विचार.

कायदा होता, पण तो सगळ्यांसाठी आहे का, हे एका क्रिकेटपटूनं कोर्टात विचारलं. लिअरी कॉन्स्टंटाइन. वेस्ट इंडीजचा थोर अष्टपैलू. १९४३ मध्ये लॉर्ड्सवर सामना खेळण्यासाठी तो बायको-मुलीसह लंडनला आला. रसेल स्क्वेअरमधल्या इम्पीरियल हॉटेलात चार रात्रींची खोली त्यानं आधी सांगून ठेवली होती. तिथे पोहोचल्यावर त्याला सांगण्यात आलं, की तुम्हाला इथे राहता येणार नाही. आमच्या अमेरिकन पाहुण्यांना चालणार नाही. कॉन्स्टंटाइननं दावा लावला. १९४४ मध्ये निकाल त्याच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली पाच गिनी, म्हणजे नाममात्र. पण निकालाचा आधार होता तोच सरायीचा जुना दंडक. वंशभेदाविरुद्धचा पहिला कायदा ब्रिटनमध्ये १९६५ मध्ये झाला. त्याच्या वीस वर्षं आधी एका माणसानं घोडागाडीच्या काळातला नियम हुडकून हॉटेलचं दार उघडायला लावलं होतं. आम्ही चौदा सावळी माणसं सामानाच्या बॅगा, मेतकुटाचा डबा आणि गुडघ्यांचे पट्टे घेऊन त्या दारातून निर्धास्त आत गेलो, तेव्हा मला हा माणूस आठवला. बसमध्ये मी त्याची गोष्ट सांगितली. नाशिकचे एक काका उठून म्हणाले, “त्याची फील्डिंग माझ्या वडिलांनी पाहिली होती.” खरं-खोटं कुणी विचारलं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

स्टॅमफर्डहून आमची बस नैऋत्येला निघाली, कॉट्सवोल्ड नावाच्या टेकड्यांकडे. इथे भूगोलाच्या बाईंना दोन मिनिटं द्या. इंग्लंडच्या नकाशावर दक्षिण किनाऱ्यावरच्या डॉर्सेटपासून ईशान्येला लिंकनशरपर्यंत एक तिरकी पट्टी ओढली, तर ती चुनखडीच्या दगडाची पट्टी होते. स्टॅमफर्ड तिच्यावर, कॉट्सवोल्डही तिच्यावर. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, लाव्हारसातून आलेला. हा दगड समुद्राच्या तळाशी साचलेला, जुरासिक काळातला. खाणीतून निघाला की मऊ असतो, हवेत घट्ट होतो. रंग कोल्हापुरी गुळाच्या ढेपेचा. पाऊस पडला की काकवीकडे झुकतो, ऊन पडलं की पिवळाधमक. भिंती त्याच दगडाच्या, शेतांचे बांध त्याच दगडाचे, आणि छपरावरच्या चकत्यासुद्धा त्याच दगडाच्या. पागोळीला मोठ्या, आढ्याकडे लहान होत गेलेल्या. गाव जमिनीतून उगवल्यासारखं दिसतं, कारण ते खरोखरच तिथल्या जमिनीतून निघालेलं असतं.

या दगडाला पैसा लावला तो मेंढ्यांनी. कॉट्सवोल्डच्या लोकरीला मध्ययुगात सगळ्या युरोपात मागणी होती. चिपिंग कॅम्पडन गावात आम्ही एक पूर्ण सकाळ काढली. ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजार. आपण गावाच्या नावात ‘पेठ’ म्हणतो तसं. १४०१ मध्ये वारलेला विल्यम ग्रेव्हल हा लोकरीचा व्यापारी तिथल्या चर्चमध्ये पुरला आहे. त्याच्या थडग्यावरच्या पितळी पत्र्यावर त्याला साऱ्या इंग्लंडच्या लोकर व्यापाऱ्यांमधलं फूल म्हटलंय. जवळच १६२७ मधली बाजाराची दगडी ओसरी आहे. खाली वर-खाली झालेली फरसबंदी, वर लाकडी आढं. आम्ही तिथे बसून स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या. मग लोकरीचा धंदा ढासळला. कोळसा होता उत्तरेत, यॉर्कशरकडे. वाफेचे माग तिथे गेले. कॉट्सवोल्ड मागे पडलं. पुढे घोडागाड्याही गेल्या.

ब्रॉडवे हे आमचं दुसरं मुक्कामाचं गाव. नावाप्रमाणे रस्ता रुंद, दोन्ही बाजूंना ती गुळाच्या रंगाची घरं. पुढचा डोंगर चढायला जादा घोडे जोडावे लागत, म्हणून सराया इथे गर्दीनं होत्या. आम्ही उतरलो ते ‘लायगन आर्म्स’. त्याची नोंद १५३२ पासून सापडते. यादवी युद्धाच्या काळात पहिला चार्ल्स राजा तिथे उतरला होता आणि त्याचा शत्रू क्रॉमवेलही, असं सांगतात. म्हणजे सरायीचा दंडक मालकानं पाळला म्हणायचा! मला मात्र त्या दोघांपेक्षा तिसऱ्या माणसात रस होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसेल नावाच्या गृहस्थांनी ही मोडकळीला आलेली सराय विकत घेतली. जुनं सामान दुरुस्त करायला त्यांनी तिथेच एक सुतारशाळा काढली. त्यांचा मुलगा गॉर्डन त्या सुतारशाळेत शिकला, आणि पुढे ब्रिटनमधल्या पहिल्या फळीच्या फर्निचर-रचनाकारांत त्याची गणना झाली. दुसऱ्या महायुद्धात लाकूड रेशनवर आलं, तेव्हा सामान्य घरांसाठी साधं, टिकाऊ सामान कसं असावं, हे ठरवणाऱ्यांत तो होता. मोडक्या खुर्च्या सांधताना शिकलेली अक्कल ती.

ब्रॉडवेजवळच्या दोन ठिकाणांनी आमच्या मंडळींत चांगलाच वाद पेटवला. पहिलं सेझिनकोट. हिरव्यागार कुरणातून बस वळते आणि समोर घुमट येतो. कांद्याच्या आकाराचा, तांब्याचा, हिरवट पडलेला. खाली रुंद छज्जे, कोपऱ्यांवर छत्र्या. ग्लॉस्टरशरच्या मेंढ्या चरतायत आणि मागे मोगल धाटणीचा महाल. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये गब्बर झालेल्या चार्ल्स कॉकरेलनं तो १८०५ च्या सुमारास बांधवून घेतला. आराखडा त्याच्या भावाचा, सल्ला थॉमस डॅनियल या चित्रकाराचा. आपल्या देवळांची आणि घाटांची चित्रं काढत डॅनियल हिंदुस्थानभर हिंडला होता. बागेत सूर्याचं छोटं देऊळ आहे आणि ओढ्यावरच्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेत. आमच्यातल्या दोघी-तिघींचे हात आपोआप जोडले गेले. नंतर त्या स्वतःच हसल्या.

दुसरं ठिकाण डेल्सफर्ड. इथे पाहायला फारसं काही नाही. महाल खासगी आहे, आत जाता येत नाही. आम्ही चर्चच्या आवारात गेलो. तिथे दगडी कलश आणि नाव: वॉरन हेस्टिंग्ज. शाळेत आपण हे नाव पाठ केलंय. १७७९ च्या जानेवारीत राघोबादादांना गादीवर बसवायला निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज तळेगावपर्यंत आली, मराठ्यांनी तिला कोंडीत धरलं, आणि वडगावला तह करून तिनं आपली मान सोडवली. तो तह धुडकावून लावणारा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल म्हणजे हाच. शेवटी १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं. डेल्सफर्ड ही हेस्टिंग्जच्या घराण्याची जुनी जमीन. त्याच्या जन्माआधीच विकली गेलेली. ती परत मिळवायची, हा त्यानं लहानपणी घेतलेला ध्यास. १७८८ मध्ये त्यानं ती घेतली. त्याच वर्षी पार्लमेंटनं त्याच्यावर भ्रष्टाचाराचा आणि जुलमाचा खटला सुरू केला, जो सात वर्षं चालला आणि निर्दोष सुटकेत संपला. तो इथे वारला १८१८ च्या ऑगस्टमध्ये. त्याच वर्षी जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावानं शस्त्र खाली ठेवलं होतं. आज तो महाल बॅमफर्ड कुटुंबाकडे आहे, म्हणजे जेसीबी यंत्रं बनवणाऱ्या घराण्याकडे. आणि त्या कंपनीचा एक कारखाना आपल्या तळेगावजवळ, त्याच मावळात आहे. इतिहास असा कधीकधी पिवळा रंग लावून येतो.

बसमध्ये परत आल्यावर नाशिकच्या ताई म्हणाल्या, “म्हणजे आपण पैसे मोजून आपलाच पैसा बघायला आलो.” सोलापूरच्या काकांनी उत्तर दिलं, “मग तर नीट बघून घ्यायला पाहिजे.” एकानं सगळं कॉट्सवोल्डच आपल्या लुटीवर उभं आहे, असं ठोकून दिलं. मला ते पटलं नाही, आणि मी माइकवरून तसं सांगितलं. हिशेब मांडायचा तर नीट मांडावा. सेझिनकोट आणि डेल्सफर्ड आपल्या खात्यावर लिहा, त्यात शंका नाही. पण कॅम्पडनचं चर्च मेंढ्यांचं आहे आणि स्टॅमफर्डचे रस्ते घोड्यांचे. सगळंच आपलं म्हटलं, की जे खरोखर आपल्याकडून गेलं त्याचं वजन कमी होतं. चर्चा चहापर्यंत चालली. स्कोन आले, त्यावर घट्ट सायीसारखं क्लॉटेड क्रीम आलं, आणि तह झाला.

तिसऱ्या मुक्कामाला जाताना वाटेत बायबरी लागतं. कोल्न नदीकाठची आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ तुम्ही चित्रांत, कॅलेंडरांवर, चॉकलेटच्या डब्यांवर नक्की पाहिली असेल. चौदाव्या शतकात ते लोकरीचं कोठार होतं. सतराव्या शतकात त्याची विणकरांसाठी घरं केली. विणलेलं कापड शेजारच्या गिरणीत पाण्यावरच्या लाकडी हातोड्यांनी कुटून दाट करायचं आणि समोरच्या ओल्या कुरणात चौकटींवर ताणून वाळवायचं. त्या कुरणाचं नाव अजून ‘रॅक आयल’ आहे. पलीकडच्या स्ट्राउड खोऱ्यात असंच कापड लाल रंगवत. आपल्या पणजोबांनी ज्यांना लाल डगलेवाले म्हटलं, त्यांचे डगले तिथले.

फोटो काढणाऱ्यांची तिथे एवढी गर्दी होती, की घरांच्या समोरून चालताना लोकांच्या हातातल्या मोबाइलांखालून वाकून जावं लागत होतं. गावची वस्ती सहाशेच्या घरात, आणि बसगाड्या एकामागून एक. आमचीही त्यातच, हे सांगायला हवं. बाकीचे पुलावर गेले. सोलापूरचे काका मात्र एका घरासमोर उभे राहून पावलांनी त्याची रुंदी मोजत होते. त्यांचे वडील गिरणीत होते, आजोबा हातमागावर. “बाई,” ते मला म्हणाले, “एवढ्याशा घरात माग ठेवला तर माणसं झोपायची कुठे? आमच्या आजोबांच्या घरी पुढच्या खोलीत माग, आणि आम्ही सगळे मागाखाली.” मग थोड्या वेळानं: “आमचं घर असं कुणी बघायला येणार नाही.” मी म्हटलं, “काका, हे विणकर होते तेव्हा यांच्याकडेही कुणी बघत नव्हतं.” त्यांनी मान हलवली, पण ते त्यांना पुरलं नाही, हे मला दिसत होतं. कारण प्रश्न कोण बघतं हा नव्हताच. त्या मागाचं काय झालं, हा होता.

जवळच्याच चेडवर्थ गावातलं एक घर अमेरिकेच्या हेन्री फोर्डनं विकत घेतलं, दगड सुटे करवले आणि १९३० मध्ये मिशिगनला नेऊन पुन्हा उभं केलं. ते अजून तिथे आहे. आर्लिंग्टन रो मात्र जागेवर राहिली. ती आता नॅशनल ट्रस्टकडे आहे.

आमचे ड्रायव्हर साठीच्या घरातले, त्याच भागातले. कमी बोलणारे. एका गावातून जाताना त्यांनी बस हळू केली आणि एका घराकडे बोट दाखवलं. वेलीवर गुलाब, दाराला निळा रंग. त्यांची आजी शेतमजुराची बायको म्हणून त्या घरात राहायची. भिंतींना ओल, पाणी नळकोंडाळ्यावरून, संडास बागेच्या टोकाला. घर जमीनदाराचं. पुढे ते विकलं गेलं, मग पुन्हा विकलं गेलं, आणि आता आठवड्याच्या भाड्यानं सुट्टीसाठी मिळतं. “तुमच्या मुलांपैकी कुणी या बाजूला राहतं का?” मी विचारलं. ते म्हणाले, एकही नाही. इथे घर घेणं म्हणजे चेष्टा आहे. मुलगी तीस मैलांवरून रोज येते, इथल्याच एका हॉटेलात खोल्या लावायला.

हे ऐकल्यापासून मी गावं वेगळ्या नजरेनं पाहू लागले. संध्याकाळी सातला कुठल्या घरात दिवा लागतो, ते मोजायचा मला नादच लागला. काही गावांत फुलांच्या कुंड्या भरलेल्या, गवत कापलेलं, आणि ओळीनं खिडक्या अंधाऱ्या. गरिबीनं ही घरं वाचवली. मग ती सुंदर ठरली, आणि सुंदर ठरल्यावर ज्यांच्या गरिबीनं ती वाचली त्यांना परवडेनाशी झाली. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या स्थानिक परिषदांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावता येतो. त्यानं दिवे लागतील का, मला शंका आहे. ज्याला दुसरं घर परवडतं, त्याला दुप्पट करही परवडतो. आपल्या कोकणातल्या कौलारू घरांच्या रविवारच्या जाहिराती मी हल्ली याच नजरेनं वाचते.

शेवटचे तीन दिवस आम्ही माल्म्सबरीला होतो, ‘ओल्ड बेल’ या हॉटेलात. ते १२२० च्या सुमाराचं. इंग्लंडमधलं सर्वांत जुनं हॉटेल आपणच, असा त्याचा दावा. मुळात ती शेजारच्या मठाची धर्मशाळा. आठव्या हेन्रीनं १५३९ मध्ये हा मठ खालसा केला, तेव्हा तो विकत घेतला एका कापडवाल्यानं, विल्यम स्टंपनं. त्यानं मठाच्या ओवऱ्यांत माग टाकले आणि चर्चचा मधला भाग गावाला देऊन टाकला. सोलापूरचे काका हे ऐकून एकदम खूश झाले. “हा आमचा माणूस,” म्हणाले. त्या मठातल्या आइल्मर नावाच्या साधूनं अकराव्या शतकात पंख बांधून मनोऱ्यावरून उडी घेतली होती. थोडा तरंगला, पडला, दोन्ही पाय मोडले. गुडघे बदललेल्या दोघींना या साधूबद्दल विशेष जिव्हाळा वाटला.

माल्म्सबरीहून लॅकॉक जवळ आहे. तिथल्या मठाचा पुढे वाडा झाला, आणि त्या वाड्याच्या एका खिडकीचं चित्र फॉक्स टॅल्बट यांनी १८३५ च्या ऑगस्टमध्ये कागदावर उतरवलं. टपालाच्या तिकिटाएवढं. जगात आज शिल्लक असलेली ही सर्वांत जुनी फोटोची निगेटिव्ह. त्या खिडकीसमोर उभं राहून आमच्या मंडळींनी मोबाइलनं किती फोटो काढले असतील! १९४४ मध्ये त्याच घराण्यातल्या मॅटिल्डा टॅल्बट यांनी वाडा आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्टला देऊन टाकलं. त्यामुळे इथली बहुतेक घरं विकली जात नाहीत, भाड्यानं दिली जातात. विजेच्या तारा आणि अँटेना दिसत नाहीत म्हणून सिनेमावाले इथे येतात, पण मला त्याचं कौतुक नव्हतं. मला कौतुक वाटलं ते दाराशी वाळत घातलेल्या मोज्यांचं.

दुपारी सव्वातीनच्या सुमारास आम्ही चहाची जागा शोधत होतो, तेवढ्यात गावातली शाळा सुटली. गणवेशातली मुलं दप्तरं हेलपाटत पर्यटकांच्या घोळक्यातून वाट काढू लागली. आमचे तिघे-चौघे एका दाराच्या पायरीवर बसले होते, पाय मोकळे करत. सात-आठ वर्षांचा एक मुलगा त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला, काही न बोलता. मग म्हणाला, “माफ करा, हे माझं घर आहे.” सोलापूरचे काका झटकन उठले, बाजूला झाले, आणि त्यांनी त्याला मोठ्या माणसाला करतात तसा नमस्कार केला. मुलानं दार ढकललं. आत कुणीतरी रेडिओ लावला होता.